नळीतला थेंब

१

मी दोरीवर चादर वाळत घालत होते तेव्हा हॉस्पिटलमधून फोन आला. मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण तिथल्या माणसांना अजून वाटतं की मी ऑपरेशन थिएटरच्या मागच्या कपाटातच राहते आणि दार उघडलं की बाहेर येईन. फोनवर मोठे डॉक्टर स्वतः होते. स्वतः म्हणजे प्रकरण जड होतं, कारण एरवी ते दुसऱ्याला बोलायला लावतात आणि शेजारी उभं राहून हातवारे करतात.

झालं होतं ते असं. एका शाळामास्तरांचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, दुर्बिणीतून. बिचारे रात्रीपासून उपाशी, हाताला सुई लावून तयार, आणि ऐन वेळी हत्यारंच नाहीत. ऑपरेशनच्या साधनांना आम्ही हत्यारंच म्हणतो, घाबरू नका. ती निर्जंतुक करणाऱ्या मशीनने अर्ध्यातच लाल दिवा लावला आणि चिठ्ठी बाहेर टाकली: आत ओल आहे, फेरी रद्द. मास्तरांना वॉर्डात परत नेऊन चहा-बिस्किटं द्यावी लागली. बारा दिवसांत हे पाचव्यांदा घडलं होतं.

हे मशीन वाफेचं नाही. दुर्बिणीची हत्यारं नाजूक, वाफेत घातली तर त्यांचं वाटोळं होतं, म्हणून ती थंड पद्धतीने, औषधाच्या वायूने निर्जंतुक करतात. त्या मशीनला पाण्याचं वावडं आहे. आत ओल सापडली की ते सरळ काम सोडून देतं, आणि बरोबरच करतं. ओलीच्या आड वायू पोचत नाही आणि जंतू मजेत बसून राहतात.

हत्यारं धुऊन वाळवण्याचं काम एकोणीस वर्षं एका बाईंकडे आहे. सगळं हॉस्पिटल त्यांना मावशी म्हणतं. वाळवलेल्या प्रत्येक ट्रेवर एक चिठ्ठी लागते आणि तिच्यावर वाळवणाऱ्याची सही. मोठ्या डॉक्टरांनी त्या सकाळपासून मावशींची सही बंद केली होती. शुक्रवारी चार वाजता बैठक होती. तोवर दुसरं काही कारण निघालं नाही तर मावशींची बदली चादरींच्या खोलीत, कायमची.

“सिस्टर,” डॉक्टर जरा घुटमळत म्हणाले, “मावशींना हे काम तुम्हीच शिकवलंत ना?”

हो, मीच शिकवलं होतं. चादर तशीच अर्धी लोंबकळत ठेवून मी पर्स उचलली.

२

हॉस्पिटलात माझं नाव भिंगबाई. मी कायम पर्समध्ये भिंग बाळगते आणि चिमट्याच्या दातांत अडकलेला कण त्याने शोधून काढते. हे नाव मला कुणी तोंडावर सांगितलं नाही, पण मला ऐकू चांगलं येतं.

फाटकावरच वॉचमनने मला अडवलं. वाटलं, बाई किती दिवसांनी वगैरे म्हणेल. कुठलं काय, त्याने थेट कुंड्यांचं गाऱ्हाणं सुरू केलं. फाटकाशी त्याने सात कुंड्या जोपासल्या आहेत, त्यातल्या चार वाळून काड्या झाल्या होत्या. तीन आठवड्यांपासून मेलं पाणीच नाही म्हणाला. मी म्हटलं, नळाला आहे की. तर म्हणे नळ लांब, माझे गुडघे गेलेत, माझा डबा मागच्या बाजूला आपोआप भरायचा. मी घाईत होते. कुंड्यांकडे बघून हळहळले आणि पुढे गेले. तिथेच थांबले असते तर माझे तीन दिवस वाचले असते.

आमच्या विभागाला ओळीने तीन खोल्या आहेत. पहिलीत धुणं, दुसरीत वाळवणं आणि बांधणं, तिसरीत मशीन. मशीनवर एक ताई असतात. मशीनताई म्हणजे घड्याळाला वेळ सांगणारी बाई. त्यांच्याकडे एक वही आहे आणि त्या वहीत प्रत्येक फेरीची नोंद, कुठली हत्यारं होती, कुणी वाळवली, दिवा लाल की हिरवा. कंपनीचा मेकॅनिक दोनदा येऊन मशीन उघडून बघून गेला होता. मशीन ठणठणीत होतं आणि तसं त्याने लिहून दिलं होतं.

मी वही घेऊन खिडकीशी बसले. पाचही लाल दिवे मावशींच्या दिवशी होते. बुधवारी मावशींची सुट्टी असते, शिवाय मागच्या आठवड्यात ताप आला म्हणून त्या दोन दिवस रजेवर होत्या. त्या तिन्ही दिवशी वाळवण्याच्या टेबलावर तुफान होता. तुफान हा चाळिशीचा गृहस्थ आहे. काम सुरू करायच्या आधी ते संपवून चहाला जाणारा, म्हणून हे नाव. मी नोकरीत असताना त्याच्यावर इतकी ओरडले आहे की माझा घसा त्याच्यामुळेच बसला असं माझे यजमान म्हणतात. आणि त्याच्या तिन्ही दिवशी दिवा हिरवा होता.

अजून एक गोष्ट दिसली. मावशींच्या हातची चिमटे, कात्र्या अशी भरीव हत्यारं सुखरूप पार पडत होती. ज्या पाच फेऱ्या रद्द झाल्या, त्या पाचही फेऱ्यांत पोकळ नळ्या होत्या. वीतभर ते हातभर लांब, आतून बोरूएवढी जागा. तुफाननेही तशाच नळ्या वाळवल्या होत्या, पण त्याच्या नळ्यांवर मशीन खूश.

मशीनताई माझ्या खांद्यावरून वाकून हळूच म्हणाल्या, “बाई, मला मावशींबद्दल वाईट बोलायचं नाही. पण वही खोटं बोलत नाही.”

३

मावशी दुसऱ्या खोलीत जेवायला बसल्या होत्या आणि समोर नळकाका. नळकाका म्हणजे मावशींचे यजमान, हॉस्पिटलचे प्लंबर. रोज दुपारी डबा घेऊन येतात आणि दोघं मिळून जेवतात. या माणसाला टपकणारा नळ दिसला की जेवण जात नाही. एकदा माझ्या घरी निरोप द्यायला आले होते, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि अर्ध्या तासाने नळाचा वायसर बदलूनच बाहेर आले. पाणी प्यायचं विसरले ते विसरलेच.

मला बघून मावशी उठल्या, हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. डब्यातलं निम्मं तसंच होतं. नळकाका म्हणाले की चार दिवस ती धड जेवत नाही, बाई, तुम्हीच समजवा. मग त्यांनी आपला डबा आवरला आणि जाता जाता धुण्याच्या खोलीतला एक नळ घट्ट करून गेले.

मी मावशींना सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. धुणं, शेवटी शुद्ध पाण्याने खळबळणं, मग गरम कपाटात तासभर वाळवणं, मग मऊ कापडाने पुसणं, आणि अगदी शेवटी हवेच्या गनने नळीच्या आत हवा मारणं. वीस आकडे मोजून. हे वीस आकडे माझे. एकोणीस वर्षांपूर्वी मीच त्यांना सांगितलं होतं की बाहेरचं वाळवलेलं डोळ्यांना दिसतं, आतलं वाळवलेलं पेशंटला कळतं, तेव्हा आत वीस मोजायचे.

पहिली फेरी रद्द झाल्यावर त्यांनी विसाचे चाळीस केले होते. आता साठ मोजत होत्या.

“तरी ओल राहते, बाई,” त्या म्हणाल्या. “नवा चष्मा केला मी. उजेडात धरून बघते. रात्री झोपेत मोजते. हातच गेला असेल माझा.”

मी जरा चिडूनच म्हटलं की हात असा एका आठवड्यात जात नाही, तो काय पगार आहे का. त्यांना हसू आलं. मग विषय बदलायचा म्हणून त्या खोलीबद्दल बोलू लागल्या. खोली आता किती शांत झाली आहे ना, म्हणाल्या. आधी खिडकीबाहेर दिवसभर सूं सूं आवाज असायचा, डोकं उठायचं. आता आकडे मोजताना चुकतसुद्धा नाही. मी बरं म्हटलं आणि खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही. माझं लक्ष सगळं त्यांच्या बोटांवर होतं, कापतात का ते बघत होते.

बोटं कापत नव्हती. पण मी निघताना मावशींनी माझा हात धरला. चादरींची खोली वाईट नाही हे त्यांना माहीत होतं, पगार तोच, काम हलकं. पण एकोणीस वर्षं सकाळी उठून त्या या टेबलासाठी आल्या होत्या, आणि ते टेबल गेलं तर सकाळी कशासाठी उठायचं हे त्यांना कळत नव्हतं.

“तरीपण चूक माझी निघाली तर माझी बाजू घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “टेबलावर पेशंट असतो.”

४

बुधवार तुफानचा. मी सकाळी आठला जाऊन कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. तुफानच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला आणि दिवसभर परत आला नाही.

तो नेहमीचा नव्हताच. इतक्या शिस्तीत काम करत होता की मला संशय यायला लागला. धुतलं, खळबळलं, नळ्या गरम कपाटात ठेवल्या. त्या त्याने तिरप्या ठेवल्या, तोंड खाली करून, एकीला एक न लागता. ही पद्धत मी कुणाला शिकवली नव्हती, पण वाईट नव्हती. मग घड्याळाकडे बघत उगाच कापडांच्या घड्या घालत बसला. चहाला गेला नाही. तुफान आणि चहाला गेला नाही, म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवायचाच बाकी होता.

साडेदहाला मला मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. पंधरा मिनिटांनी परत आले तर ट्रे बांधून तयार. मी विचारलं, हवा मारलीस का? तो म्हणाला, हो बाई, मारली. आणि बोलताना माझ्याकडे न बघता हवेच्या गनकडे बघत होता. गन खुंटीला लटकत होती, तिची नळी सकाळी होती तशीच गुंडाळलेली.

दुपारी मशीनने हिरवा दिवा लावला. मशीनताईंनी वहीत लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मला त्या दिव्याचा राग आला. कामचुकार माणसाची हत्यारं कोरडी आणि साठ मोजणाऱ्या बाईची ओली, हा कुठला न्याय?

घरी जाताना माझ्या मनात एक वाईट विचार आला आणि तो मी तुमच्यापासून लपवत नाही. तुफानला त्या टेबलावर कायम बसायचं असेल तर? मावशींच्या नळ्यांत मुद्दाम कुणी पाणी सोडत असेल तर? ते टेबल खिडकीशी आहे, वारा येतो, काम बसून करायचं. माणसं याहून कमी कारणाने एकमेकांच्या वाटेत काटे पेरतात. मी ठरवलं, उद्या मावशींच्या ट्रेवरून डोळा हलवायचा नाही.

५

गुरुवारी मी डोळा हलवला नाही. आठ ते अकरा मी त्या खोलीतून बाहेरसुद्धा गेले नाही. तुफानला दाराच्या आत येऊ दिलं नाही.

मावशींचं काम बघणं म्हणजे सुख आहे, हे मी विसरले होते. एक हालचाल वाया नाही. प्रत्येक नळी कपाटातून काढली, पुसली, उजेडात धरली. मग खुंटीवरची गन घेतली, नळीच्या तोंडाला लावली आणि ओठांतल्या ओठांत साठ मोजले. बारा नळ्या, बारा वेळा साठ. मी भिंग घेऊन प्रत्येक तोंड तपासलं. भिंगातून तोंडापुरतंच दिसतं, पण दिसलं तेवढं कोरडं होतं. ट्रे आम्ही दोघींनी बांधला. मी स्वतः उचलून मशीनताईंच्या हातात दिला. चिठ्ठीवर सही माझी केली.

बारा मिनिटांनी लाल दिवा लागला. सहाव्यांदा.

मी ट्रे परत आणला, टेबलावर उघडला आणि सगळ्यांत लांब नळी उचलली. बाहेरून कोरडी ठणठणीत. पांढरा टिपकागद घेतला आणि नळी त्यावर उभी आपटली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आतून एक थेंब आला आणि कागदावर रुपयाएवढा डाग पसरला.

माझ्या डोळ्यांदेखत वाळवलेल्या नळीतून पाणी आलं होतं. कुणी जवळ आलं नव्हतं, कुणी हात लावला नव्हता. तीस वर्षं मी हे काम केलं आणि त्या क्षणी मला काहीही कळत नव्हतं.

मावशींना मात्र कळलं असं वाटलं. त्यांनी एप्रन काढला, त्याची नीट घडी घातली आणि टेबलाच्या कडेला ठेवला.

“लिहून टाका, बाई,” त्या म्हणाल्या. “हिचा हात गेला म्हणून.”

६

शुक्रवारी सकाळी तुफान फाटकावरच माझी वाट बघत उभा होता. रात्रभर झोपला नसावा. त्याने मला वॉचमनच्या खुर्चीवर बसवलं आणि एकदम कबुली द्यायला सुरुवात केली. मला वाटलं, सापडला.

पण त्याची कबुली वेगळीच होती. तो म्हणाला, मावशींना काढू नका, चूक मी करतो, त्या नाही. मी हवेची गन वापरतच नाही. कंटाळा येतो वीस मोजायचा, बारा नळ्यांना. नळ्या गरम कपाटात तिरप्या उभ्या करतो आणि तासभराऐवजी दोन तास ठेवतो, त्यात माझा चहा होतो. बुधवारी तुम्ही बसलात म्हणून चहा बुडाला, पण गनला हात लावला नाही. नियम मी मोडतो आणि शिक्षा मावशींना, हे काही बरोबर नाही.

एरवी मी त्याला तिथेच सोललं असतं. पण त्याचं बोलणं मी मनात परत एकदा लावून बघितलं. तुफान गन वापरत नाही आणि त्याच्या नळ्या कोरड्या. मावशी वीस मोजतात तर ओल, साठ मोजतात तर थेंब. दोघांच्या कामात फरक एकाच गोष्टीचा, आणि ती गोष्ट मी नियम म्हणून भिंतीवर लावली होती.

वॉचमन मागून परत तेच म्हणत होता, काल अजून एक कुंडी गेली. या वेळी मी वळले. कुठला डबा आपोआप भरायचा, मी विचारलं. तो म्हणाला, मागच्या बाजूला, ते हवेचं यंत्र आहे ना, त्याच्या टाकीखाली मी रंगाचा रिकामा डबा ठेवायचो. टाकीच्या बुडाला एक कॉक आहे, त्यातून दिवसरात्र सूं सूं करत पाणी ठिबकायचं. तीन आठवड्यांमागे एका सोमवारी येऊन बघतो तर डबा कोरडा ठणठणीत. आवाजही बंद.

मी धावले. माझ्या वयाच्या बाईने धावू नये, पण मी धावले. मावशी खोलीत नव्हत्या, एप्रन कालचा तसाच घडी घालून होता. खोली खरंच शांत होती, सुई पडली तर ऐकू यावी इतकी. मी गन खुंटीवरून काढली, दुसऱ्या हातात माझं भिंग धरलं आणि त्याच्यावर हवा मारायला सुरुवात केली. मोजत मोजत. दहापर्यंत काही नाही. वीसला काच जराशी धुरकटली. साठला मी थांबले आणि भिंग खिडकीशी नेलं.

काचेवर मोहरीएवढे थेंबच थेंब होते. गन हवा मारत नव्हती, पाणी शिंपडत होती.

७

चार वाजता मी बैठक भरू दिली नाही. मोठे डॉक्टर, मशीनताई, तुफान, सगळ्यांना घेऊन इमारतीच्या मागे गेले. मावशींना घरून बोलावून घेतलं. नळकाकांना निरोप पाठवला की पाना घेऊन या आणि चार बादल्याही आणा.

तिथे, वाळवण्याच्या खोलीच्या खिडकीखाली, पत्र्याच्या छपरात कॉम्प्रेसर आहे. तो हवा दाबून टाकीत भरतो आणि नळीतून गनला देतो. हवा दाबली की तिच्यातली ओल सुटते आणि टाकीच्या बुडाशी पाणी साठतं. ते काढून टाकावं लागतं. भिंतीजवळ नळीला एक छोटी गाळणी असते, थोडी ओल ती अडवते, पण टाकीच भरली तर ती बिचारी काय करणार? मग हवेबरोबर पाणी निघतं, धुक्यासारखं बारीक. हातमोज्यातून कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही. मावशी गरम कपाटात कोरड्या केलेल्या नळीत ते धुकं भरत होत्या, आणि ओल राहिली म्हणून घाबरून आणखी भरत होत्या. जितकं काम चोख, तितकी नळी ओली.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं की मग इतकी वर्षं काही झालं नाही ते कसं. ते मी दुपारीच शोधलं होतं. हे यंत्र सांभाळणाऱ्या जुन्या पंपवाल्याला फोन लावला होता, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. तो खेकसला की कॉक पाव वळसा उघडा ठेवला होता, पाणी आपोआप जावं म्हणून, आणि कुणी बंद करू नये म्हणून वर दोरीसुद्धा बांधली होती. मी म्हटलं, हे कुणाला सांगितलं होतंस? तो म्हणाला, दोरी बांधलेली दिसत नाही का माणसाला?

कॉक आता नवा कोरा होता, पितळी, घट्ट बंद. दोरी नव्हती.

हे सगळं होईपर्यंत नळकाका बादल्या घेऊन आले होते आणि ऐकत उभे होते. त्यांचा चेहरा साफ उतरला होता. ते खाली बसले, पाना लावला आणि कॉक उघडला. आधी एक उचकी आली आणि मग तांबूस पाण्याची धार लागली. एक बादली भरली, दुसरी भरली, तिसरी अर्ध्याच्या वर गेली आणि तेव्हा कुठे धार तुटून सूं सूं आवाज सुरू झाला.

“अहो, हा कॉक तुम्ही बसवलात?” मावशींनी विचारलं.

“तुझं डोकं दुखायचं,” नळकाका खालीच बघत म्हणाले. “रोज जेवताना सांगायचीस. रविवारी येऊन बदलला. मला वाटलं, गळका नळ कुणीतरी आळशासारखा दोरीने बांधून ठेवलाय.”

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता या बाई रडतील किंवा त्यांना टाकून बोलतील, आणि दोन्हींचा त्यांना हक्क होता. पण त्यांनी आधी आपले दोन्ही हात समोर धरून बघितले, उलटे सुलटे, जणू कुणीतरी नेलेली वस्तू परत आणून दिली होती. मग त्या नवऱ्याशेजारी उकिडव्या बसल्या आणि हसायला लागल्या.

“म्हणजे हात आहे माझा,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही माझं ऐकता, हेही आजच कळलं.”

तुफान मोठ्याने हसला आणि माझ्याकडे बघून गप्प झाला. त्याच्याशी माझा हिशेब बाकी होता. पण त्याने खरं सांगितलं नसतं तर मी अजून मावशींची बोटंच बघत बसले असते, म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि नंतर एकट्यात अर्धा तास झापलं. मोठे डॉक्टर म्हणाले की चूक त्यांचीही आहे, पंपवाला गेला तेव्हा त्याला हार घातला, पण तो रोज काय करायचा ते कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, चूक माझीही आहे. मी वीस मोजायला शिकवलं, पण आधी गनची हवा कागदावर मारून बघायला शिकवलं नाही.

शनिवारी नळकाकांनी नळी पूर्ण सुकवली, गाळणी नवी घातली आणि टाकीला तासातासाला आपोआप उघडणारा कॉक बसवला. तो दर तासाला खिडकीबाहेर मोठा सुस्कारा टाकतो. पाणी वॉचमनच्या डब्यात पडतं. दोन कुंड्यांना बुडातून फूट आली आहे, आणि कुठल्या दोन ते तो प्रत्येकाला नेऊन दाखवतो.

सोमवारी शाळामास्तर पुन्हा उपाशी आले. मी कोपऱ्यात बसले होते, बोलावलं नसताना. मावशींनी गन घेतली, आधी टिपकागदावर हवा मारली, कागद उजेडात धरला, मग पहिल्या नळीला लावली आणि मोजायला लागल्या. वीसला थांबल्या. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

ट्रे बांधून झाला तेव्हा मोठे डॉक्टर स्वतः दारात आले. स्वतः, हातवारे न करता. चिठ्ठी ट्रेवर ठेवलेली होती, सहीची जागा रिकामी. मशीनताई सवयीने पुढे झाल्या, तसं डॉक्टरांनी त्यांना हाताने थांबवलं आणि खिशातलं आपलं पेन काढून मावशींसमोर धरलं. खिडकीबाहेर तासाचा सुस्कारा झाला आणि मावशींनी तो संपेपर्यंत कान देऊन ऐकला. मग त्यांनी पेन घेतलं, मऊ कापडाने पुसलं, उजेडात धरून नीट बघितलं आणि सही केली.